उत्क्रांती, निर्मितीवाद की दोन्ही? विज्ञानाच्या तासाला काय शिकवावं आणि कसं

प्रश्न असा आहे: शाळेत उत्क्रांती शिकवावी, निर्मितीवाद शिकवावा, की दोन्ही मुलांपुढे ठेवून "आता तुम्हीच ठरवा" म्हणावं? सजीवांच्या जाती एकमेकींपासून निर्माण झाल्या नाहीत, निर्मात्याने त्या वेगवेगळ्या घडवल्या, या मताला निर्मितीवाद म्हणतात. त्यातही तट आहेत. काही जण पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं मानतात. काही जण अब्जावधी वर्षं मान्य करतात, पण जाती स्वतंत्रपणे घडवल्या गेल्या म्हणतात. निर्मात्याचं नाव न घेता नुसतं 'बुद्धिमान रचना' म्हणणाराही एक गट आहे.

माझं उत्तर स्पष्ट आहे. विज्ञानाच्या तासाला फक्त उत्क्रांती शिकवावी, आणि तिला निदान दहा-बारा तास द्यावेत. सृष्टीच्या निर्मितीच्या कथा भाषेच्या, इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या तासाला जरूर घ्याव्यात, मन लावून घ्याव्यात. दोन्ही एकाच तासाला एकाच तराजूत घालू नयेत. मात्र एवढं ठरवून काम संपत नाही. उत्क्रांती घाईघाईत, चुकीच्या चित्रांसह उरकली, तर मुलं तीही आणखी एक गोष्ट म्हणूनच ऐकतात. म्हणून 'दोन्ही का नको' हे आधी सांगतो आणि मग 'कसं शिकवायचं' यावर जास्त वेळ थांबतो.

"दोन्ही शिकवा" म्हणणाऱ्या बहुतेकांचा हेतू चांगला असतो. दोन पक्ष असतील तर दोघांचं ऐकून घ्यावं, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पण पाठाचं टाचण काढायला बसलं की अडचण उघडी पडते. उत्क्रांतीचे सहा तास आखा: खडकांचं वय, जिवाश्मांचा क्रम, भिन्नता आणि आनुवंशिकता, नैसर्गिक निवड, डीएनएची तुलना, वंशवृक्ष. प्रत्येक तासाला मोजायला, मांडायला, तपासायला काहीतरी आहे. आता निर्मितीवादाचे सहा तास आखून पाहा. मत काय आहे ते पहिल्या तासात सांगून होतं. दुसऱ्या तासाला मुलांनी काय मोजायचं? कुठला अंदाज बांधायचा आणि तो कसा पडताळायचा? तिथे हात रिकामे राहतात, आणि उरलेले तास उत्क्रांतीवरच्या आक्षेपांनी भरले जातात. म्हणजे दुसरी बाजू म्हणून वर्गात जे येतं ते पहिल्या बाजूचं खंडन असतं. एका सिद्धांतात उणीव दाखवली म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही, हे ज्या तासाला शिकवायचं, त्याच तासाला आपण नेमकं उलटं शिकवून बसतो.

पडताळता येणारा अंदाज म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून पाहा. मांसल पर असलेल्या माशांचे जिवाश्म सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळत होते आणि चार पायांच्या प्राण्यांचे सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात, उथळ ओढ्यांच्या गाळात, दोन्हींची लक्षणं असलेला प्राणी सापडायला हवा, असा हिशेब जीवाश्मशास्त्रज्ञ नील शूबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्या वयाचे आणि तशा गाळाचे उघडे खडक नकाशावर शोधून ते उत्तर कॅनडातल्या एल्समेअर बेटावर गेले. अनेक मोहिमांनंतर, २००४ साली, तिथे 'टिक्टालिक' सापडला. त्याला खवले आणि पर माशाचे होते, पण डोकं मगरीसारखं चपटं होतं, मान मोकळी होती आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं होती. वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. पुढे २०१० साली पोलंडमधून सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या चौपायी पाऊलखुणा प्रसिद्ध झाल्या, म्हणजे संक्रमण आणखी आधी सुरू झालं होतं. हेही मुलांना सांगावं. टिक्टालिक हा चौपायांचा थेट पणजोबा नसेल, पणजोबांच्या भावंडांपैकी असेल. नवा पुरावा आला की चित्र असं दुरुस्त होतं, आणि हे दुरुस्त होणंच शिकवण्यासारखं आहे.

'दोन्ही'मध्ये दुसरी अडचण निवडीची. निर्मितीच्या कथा जगात शेकड्यांनी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक निवडली की वर्गातल्या बाकी मुलांच्या घरची श्रद्धा बाजूला पडते, आणि सगळ्या घेतल्या तर जीवशास्त्राचा तास उरत नाही. तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. विज्ञानाच्या तासाला जे येतं त्याला पुराव्याची कसोटी लागते आणि त्यावर गुण दिले जातात. एखाद्या मुलाच्या घरची पवित्र कथा फळ्यावर लिहून "हिला पुरावा काय?" असं विचारणं आणि शेवटी "पुरावा नाही" असं सांगणं, हे कुठल्या शिक्षकाने करावं? 'दोन्ही'चा आग्रह श्रद्धेच्या प्रेमापोटी होत असेल, तर त्याने श्रद्धेचीच सर्वांत जास्त नाचक्की होते.

या वादाचा कोर्टातला इतिहास मुख्यतः अमेरिकेचा आहे, आणि 'दोन्ही' प्रत्यक्षात कसं चालतं हे त्यातून दिसतं. टेनेसी राज्याने १९२५ साली सरकारी शाळांत मानवी उत्क्रांती शिकवायला बंदी घातली. त्याच वर्षी जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालून त्याला १०० डॉलर दंड झाला. तो निकाल १९२७ साली तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत राहिला. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. मग मागणी बदलली आणि "उत्क्रांती शिकवा, पण निर्मितीवादालाही समान वेळ द्या" असे कायदे आले. आर्कान्सासचा कायदा १९८२ साली आणि लुईझियानाचा १९८७ साली कोर्टात टिकला नाही. त्यानंतर मागणीने 'बुद्धिमान रचना' हे नाव घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने नववीच्या वर्गात, उत्क्रांतीत त्रुटी आहेत आणि 'बुद्धिमान रचने'चं एक पुस्तक पाहा असं सांगणारं, एक निवेदन वाचून दाखवण्याचा आदेश काढला. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, म्हणून प्रशासनातल्या लोकांनी येऊन वाचलं. यावर पालकांनी भरलेल्या खटल्यात, निवेदनात सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे समोर आले. १९८७ च्या निकालानंतर त्यांत 'निर्मितीवादी' हा शब्द खोडून जागोजागी 'रचनेचे पुरस्कर्ते' असं घातलं होतं, आणि एका ठिकाणी बदल अर्धवट राहून दोन्ही शब्दांची खिचडी मसुद्यात तशीच राहिली होती. २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ही धर्माचीच शिकवण आहे, विज्ञान नाही, असा निकाल दिला. कोर्टाच्या खर्चापोटी त्या छोट्या शाळा मंडळाला दहा लाख डॉलरच्या वर रक्कम भरावी लागली.

उत्क्रांती मानणं म्हणजे धर्म सोडणं, असं मुळीच नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली, उत्क्रांती हे आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही, असं जाहीरपणे लिहिलं. आनुवंशिकता आणि नैसर्गिक निवड यांची सांगड घालणाऱ्यांपैकी एक प्रमुख शास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्की हे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते.

आता शिकवण्याकडे येतो.

आपल्या भाषेपासून सुरुवात करायला हवी, कारण निम्मे गैरसमज मराठी शब्दांतूनच येतात. 'उत्क्रांती' या शब्दातला 'उत्' वर जाणं सुचवतो, म्हणून मुलांना वाटतं की प्रत्येक जीव सुधारत, चढत चालला आहे. आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीने स्वतःची पचनसंस्था गमावली आणि गुहेतल्या माशांनी डोळे गमावले, तीही उत्क्रांतीच, हे पहिल्याच तासाला सांगावं. 'नैसर्गिक निवड' म्हटलं की कोणीतरी निवडणारा बसला आहे असं वाटतं. "टिकले ते उरले, उरले त्यांचीच पिल्लं झाली" हे साधं वाक्य दहा वेळा म्हणून घ्यावं. 'अनुकूलन' म्हणजे जुळवून घेणं, आणि जुळवून तर माणूस घेतो, मनाशी ठरवून. म्हणून उत्तरपत्रिकेत येतं, "जिराफाने पानं खाण्यासाठी मान लांब केली." असं वाक्य दिसलं की कर्ता बदलून लिहायला लावावं: "ज्या जिराफांची मान जन्मतःच थोडी लांब होती, त्यांची पिल्लं जास्त जगली." कर्ता 'जिराफ' नसून 'गटातलं प्रमाण' आहे, हे ज्याला कळलं त्याला अर्धा विषय कळला. आणि 'बळी तो कान पिळी' ही म्हण या पाठात कटाक्षाने टाळावी. इथे बळाचा प्रश्न नाही. जास्त पिल्लं मागे सोडतो तो टिकतो, मग तो लपणारा असो, सहकार्य करणारा असो, की कमी अन्नावर भागवणारा.

"ही तर नुसती थिअरी आहे" हे वाक्य हमखास येतं. बोलताना आपण थिअरी म्हणजे प्रॅक्टिकलच्या उलट, कागदावरचं, असं धरतो. मराठीत आपल्याकडे 'सिद्धांत' हा वजनदार शब्द आहे, तोच वापरावा. अंदाज, गृहीतक, नियम, सिद्धांत हे चार शब्द फळ्यावर लिहून जंतूंमुळे रोग होतात हाही एक सिद्धांतच आहे, एवढं दाखवलं की पुरतं.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच तासाला माणूस आणि माकड आणलं तर वर्ग तिथेच अडकतो. काळ, भिन्नता, निवड, पुरावे, वंशवृक्ष, आणि सर्वांत शेवटी माणूस, असा क्रम ठेवावा.

काळासाठी ४.६ मीटर सुतळी घ्यावी. लोकर नको, ती ताणली जाते. प्रमाण: १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. एक टोक 'आज'. तिथून मोजून खुणा कराव्यात: ६.६ सेंटिमीटरवर डायनोसॉर संपले, सुमारे २३ सेंटिमीटरवर ते आले, ३७.५ वर टिक्टालिक, ५४ सेंटिमीटरच्या आसपास प्राण्यांचे मोठे गट जिवाश्मांत ठळक दिसू लागतात, २.४ मीटरवर हवेत ऑक्सिजन वाढू लागतो, साडेतीन मीटरच्या सुमाराला सूक्ष्मजीवांच्या थरांचे जुने पुरावे, आणि ४.५४ मीटरवर पृथ्वी. आपली जात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे 'आज'च्या टोकाला ०.३ मिलिमीटर. टोकदार पेन्सिलीची रेघही त्याहून जाड येते. ही रेघ मुलांनी स्वतः काढावी. नेहमीची चूक म्हणजे निम्मे गट पृथ्वीच्या टोकाकडून मोजतात, म्हणून सुरुवातीलाच 'आज'च्या टोकाला लाल धागा बांधायला सांगावं.

"हे वय कळलं कसं?" हा प्रश्न आला की उत्तर तयार हवं, कारण इथे शिक्षकांचीच एक चूक वारंवार होते. डायनोसॉरचं वय कार्बन-१४ ने काढतात असं सांगितलं जातं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं आहे आणि सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ते निरुपयोगी ठरतं. जुन्या खडकांसाठी ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन स्फटिकांमधलं युरेनियम आणि त्यापासून बनलेलं शिसं मोजतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४.४७ अब्ज वर्षं आहे. कार्बन-१४ चं हे मुलं घरी शोधतात, शिक्षकाचं वाक्य चुकलेलं सापडतं आणि सगळ्या पाठावरचाच विश्वास उडतो. अर्धायुष्य समजावायला १०० नाणी पुरतात: उडवा, छाप आलेली काढून टाका, उरलेली मोजा, पुन्हा उडवा.

नैसर्गिक निवडीसाठी कागदी टिकल्यांचा खेळ सर्वांत चांगला, पण बारकावे पाळले तरच. पाच रंगांचे साधे, न चकाकणारे कागद घ्या आणि पंचिंग मशीनने टिकल्या पाडा. एक मीटर लांब-रुंद, बारीक फुलाफुलांची छपाई असलेलं कापड सुरकुती न ठेवता पसरा. त्यावर प्रत्येक रंगाच्या २०, अशा १०० टिकल्या विखुरा. पाच मुलं 'भक्षक'. प्रत्येकाने कापडाकडे पाठ करायची, वळायचं, जी टिकली पहिली दिसेल ती एक उचलायची, पुन्हा पाठ. प्रत्येकी १५ उचलल्या की ७५ गेल्या, २५ उरल्या. उरलेल्या रंगवार मोजा. प्रत्येक उरलेलीला त्याच रंगाची तीन 'पिल्लं' द्या, की पुन्हा १००. समजा हिरव्या ९, तपकिरी ८, निळ्या ५, पिवळ्या २, पांढरी १ उरली, तर दुसरी पिढी ३६, ३२, २०, ८, ४ अशी सुरू होते. तीन पिढ्या करा आणि स्तंभालेख काढा.

यात काय बिघडतं? कागदाचे थर एकदम पंच केले की टिकल्या एकमेकींना चिकटून राहतात आणि मोजणी चुकते, म्हणून आधी चोळून सुट्या करा. पंखा बंद ठेवा. मुलं मूठभर उचलतात किंवा आवडीचा रंग शोधतात, म्हणून पाठ फिरवण्याचा नियम ढिला सोडू नका. कापड एकरंगी असलं तर एका पिढीत निकाल लागतो आणि हळूहळू बदलणारं प्रमाण दिसतच नाही. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न खेळ संपल्यावर विचारायचा: "यातल्या कुठल्या टिकलीने रंग बदलला?" एकाही टिकलीने नाही. बदललं ते शंभरातलं प्रमाण. हा प्रश्न राहिला तर "टिकल्या कापडासारख्या झाल्या" असंच मुलं वहीत लिहितात.

नंतर हाच खेळ डोळे बांधून करा. आता रंगाचा फायदा नाही, तरी तीन पिढ्यांत प्रमाण इकडेतिकडे होतंच. शंभराऐवजी २० टिकल्यांनी केलं (१५ काढायच्या, ५ ठेवायच्या) तर एखादा रंग नुसत्या योगायोगाने नाहीसा होतो. हे जनुकीय विचलन. उत्क्रांतीत सगळं निवडीनेच घडत नाही, हे दहा मिनिटांत कळतं. खेळाची मर्यादाही सांगा: यात नवा रंग जन्माला येत नाही. हवं तर चौथ्या पिढीत पंचवीस पिल्लांमागे एक टिकली सहाव्याच रंगाची टाका. ते उत्परिवर्तन. तो रंग बहुतेक वेळा लगेच उचलला जातो, क्वचित टिकतो.

खऱ्या उदाहरणांत निवडक दोन-तीन घ्यावीत. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, कठीण बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त जगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. नंतरच्या ओल्या वर्षांनी ही दिशा उलटवली, तेही सांगावं, म्हणजे 'सतत प्रगती' ही कल्पना गळते. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये जिवाणूंच्या बारा वसाहती सुरू केल्या. त्यांपैकी एकीत सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर ऑक्सिजनच्या सान्निध्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाण्याची नवी क्षमता आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० बाय १२० सेंटिमीटरच्या थाळीत कडेपासून मध्यापर्यंत प्रतिजैविकाची मात्रा टप्प्याटप्प्याने हजारपट वाढवली होती. जिवाणू अकरा दिवसांत मध्यावर पोचले. त्याची चित्रफीत दाखवावी. वर्ग अगदी शांत होतो.

काही जुन्या गोष्टी पाठ्यपुस्तकात असल्या तरी टाकाव्यात. एकोणिसाव्या शतकातले जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांची भ्रूणांची चित्रं सारखेपणा वाढवून काढलेली आहेत, त्याऐवजी खरी छायाचित्रं वापरा. घोड्याची सरळ शिडी चुकीची आहे, त्याचा वंश झुडपासारखा फांद्याफांद्यांचा आहे. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत रांगेने चालणारं ते प्रसिद्ध चित्र तर वर्गात येऊच देऊ नये. एका चित्राने महिन्याची मेहनत वाया जाते. इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगांचं (धुराने खोडं काळवंडल्यावर ज्यांच्यात काळ्यांचं प्रमाण वाढलं, ते) उदाहरण मात्र ठेवावं. पुस्तकांतले जुने फोटो मेलेले पतंग खोडावर लावून घेतलेले होते, यावरून बराच गदारोळ झाला. पण मायकेल मॅजेरस यांनी सात वर्षं ४,८६४ पतंगांवर नव्याने प्रयोग केला आणि पक्षी उठून दिसणारे पतंग जास्त टिपतात हेच त्यातून दिसलं. फोटोची गोष्टही लपवू नका, सांगा.

डीएनएच्या पुराव्यात दोन गोष्टी पुरेशा आहेत. माणसात ४६ गुणसूत्रं, चिंपांझीत ४८. पूर्वज एक असेल तर एक जोडी कुठे गेली? दोन गुणसूत्रं जोडली गेली असतील, तर टोकांना असणारा मजकूर एका गुणसूत्राच्या मध्येच सापडायला हवा, आणि एक निकामी सेंट्रोमिअरही (गुणसूत्राचा आवळलेला सांधा, जो एरवी एकच असतो). मानवी गुणसूत्र क्रमांक २ मध्ये दोन्ही सापडतात. दुसरी गोष्ट, बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. माणूस, वानर आणि माकडं यांच्यात त्यासाठी लागणारं जनुक आहे, पण मोडलेलं. गिनीपिगमध्येही ते मोडलेलं आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरं सारखी असली तर शंका येत नाही. चुका सारख्या असल्या की येते. हा दाखला मुलांना लगेच पटतो.

वंशवृक्ष वाचणं सर्वांत अवघड, आणि त्याला पूर्ण तास द्यावा. मासा, बेडूक, सरडा, मांजर, माणूस असा वृक्ष काढून विचारा: "बेडकाचं जवळचं नातं माशाशी की माणसाशी?" वर्ग ओरडतो, माशाशी! कारण मुलं टोकांवरची नावं शेजार पाहून वाचतात. बोट बेडकावर ठेवून खाली, खोडाकडे न्यायला लावा. बेडूक आणि माणूस यांच्या वाटा जिथे मिळतात तो सांधा अलीकडचा, माशाशी मिळणारा त्याच्याही खालचा. म्हणजे बेडकाचं नातं माणसाशी जवळचं. मग तोच वृक्ष तारेचा करून फांद्या सांध्यापाशी फिरवा: नावांचा क्रम बदलतो, नाती बदलत नाहीत.

इथवर आल्यावर "माकडापासून माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?" याला दोन वाक्यं पुरतात. तुम्ही चुलतभावापासून जन्मला नाहीत, दोघांचे आजोबा एक. चिंपांझी आपला चुलत, आणि आपले सामाईक 'आजोबा' सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे. "लहान बदल मान्य, पण एका जातीची दुसरी कशी होईल?" यासाठी आपली भाषाच दाखवावी. प्राकृतातून मराठी झाली. पण असा एकही दिवस नव्हता की आई प्राकृत बोलत होती आणि तिचं मूल मराठी. प्रत्येक पिढीला मागची आणि पुढची पिढी समजत होती, तरी दोन टोकं परस्परांना अनोळखी झाली.

जीवसृष्टीची सुरुवात कशी झाली हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही, हे मोकळेपणाने सांगावं. उत्क्रांती जीव असल्यानंतरची प्रक्रिया सांगते. तिच्या अंगावर नको ते ओझं टाकलं की आक्षेप घेणाऱ्याला आयती फट मिळते. शास्त्रज्ञांमधले खरे मतभेद, म्हणजे निवडीचा वाटा किती आणि विचलनाचा किती, बदलाचा वेग एकसारखा की टप्प्याटप्प्याने, हे वरच्या वर्गांत जरूर घ्यावेत.

"सर, मग देव नाही का?" किंवा "बाई, आमच्या घरी वेगळं सांगतात" असं एखादं मूल म्हणतंच. त्या क्षणी हसू नये, वाद घालू नये, स्वतःचं मतही सांगू नये. उत्तर थोडक्यात असावं: "या तासाला आपण मोजता आणि तपासता येतं तेवढंच पाहतो. देव आहे की नाही हे या तासाला ठरत नाही. घरी जे सांगतात त्याबद्दल घरच्यांशी जरूर बोल. इथे तू मानायलाच हवंस असं नाही, शास्त्रज्ञ असं का म्हणतात हे तुला समजायला हवं." आणि लगेच पाठावर परत यावं. इतर मुलांना त्या मुलाची चेष्टा करू देऊ नये. चेष्टा झालेलं मूल पुढचे सगळे तास कान बंद करून बसतं.

पालकांना पाठाच्या आठवडाभर आधी एक पान पाठवावं: काय शिकवणार, कोणते प्रयोग, किती तास, आणि कुणाच्या श्रद्धेची तपासणी होणार नाही हे स्पष्ट वाक्यात. कोणी भेटायला आलं तर आधी ऐकून घ्यावं. "एक तास दुसऱ्या बाजूलाही द्या" ही तडजोड मात्र मान्य करू नये. ती एकदा केली की पुढच्या वर्षी तीच प्रथा होते. मुलाला पाठातून आणि परीक्षेतून वगळण्याची विनंतीही नाकारावी, कारण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू, पिकांवरची कीड, लसी, यांतलं काहीच या पाठाशिवाय पुढे कळत नाही.

परीक्षेत "तुम्ही उत्क्रांती मानता का?" असा प्रश्न कधीही नसावा. असा असावा: "एका बेटावर जोराचे वारे वाढले. तिथल्या कीटकांत काहींचे पंख लांब, काहींचे आखूड होते. शंभर पिढ्यांनंतर बहुतेकांचे पंख आखूड आढळले. नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतानुसार हे कसं घडलं ते स्पष्ट करा." गुण पाच. भिन्नता आधीपासून होती याला एक, ती आनुवंशिक होती याला एक, लांब पंखांचे जास्त वाहून गेले आणि आखूड पंखांच्यांची पिल्लं जास्त झाली याला एक, पिढ्यांमागून प्रमाण बदललं याला एक, आणि "कीटकांनी वाऱ्यामुळे पंख आखूड करून घेतले" अशी रचना कुठेही नसेल तर शेवटचा एक. हे सगळं बरोबर लिहून खाली "मला स्वतःला हे पटत नाही" असं लिहिणाऱ्या मुलाला पाचपैकी पाच द्यावेत. "मला उत्क्रांती पूर्ण मान्य आहे" एवढंच लिहिणाऱ्याला शून्य.